हो की अहो

"सकाळी जनावर घरचं असतं. दहा वाजले की ते ड्यूटीवर येतं."

हे आमच्या घरमालक काकांचं वाक्य. दर शनिवारी पहाटे गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडता खरवडता ते म्हणायचेच. आमच्या ब्रॉसार्डपासून, म्हणजे मॉन्ट्रियलच्या उपनगरापासून, तासाभराच्या रस्त्यावर, अमेरिकेच्या सरहद्दीकडे, एक सफारी पार्क आहे. जिराफ, झेब्रे, गेंडे, शहामृगं, सिंह, अशी सगळी आफ्रिका तिथे मेपलच्या झाडांखाली नांदते. दहानंतर पब्लिक आपापल्या गाड्या घेऊन आत शिरतं, तीच जनावरांची ड्यूटी. पण त्याआधी, उजाडता उजाडता, पार्कची स्वतःची एक उघडी गाडी गाईडसकट निघते. काकांकडे तिचा सीझन पास होता. बर्फ वितळून पार्क उघडलं की ते पुन्हा बर्फ पडेपर्यंत त्यांचा शनिवार चुकला नाही.

मी त्यांचं बेसमेंट बघायला गेले तेव्हा मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. नागपूरहून येऊन जेमतेम महिना झालेला, मॉन्ट्रियलच्या ऑफिसात कोणीतरी पत्ता दिला, म्हणून गेले. वॉशरूम स्वतंत्र आहे का, लॉन्ड्री कुठे, असं विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "ते नंतर. शनिवारी पहाटे पाचला तयार राहा. दोन स्वेटर घाल."

अगं बाप्पा! मी मनात म्हटलं, हा म्हातारा मला कुठे नेऊन सोडतो की काय! माझा चेहरा बघून आतून काकू आल्या. "घाबरू नकोस गं. सगळ्यांनाच नेतात. माझ्या सख्ख्या भावालाही नेलं होतं, तेव्हा कुठे त्याला वरची खोली मिळाली."

तर ती माझी मुलाखत होती. जनावरासमोर माणूस कसा वागतो ह्यावरून काका भाडेकरू निवडायचे. माझ्या आधी एक चांगला मुलगा आला होता, सगळं पसंत पडलं होतं, पण त्यानं गेंड्याकडे पाठ करून सेल्फी काढला आणि बेसमेंट गमावलं. "समोर एवढा गेंडा उभा आणि हा स्वतःचं तोंड बघतोय! उद्या माझ्या घराला आग लागली तरी आधी फोटो काढेल." दुसऱ्या एकीनं जिराफाला 'सो क्यूट' म्हटलं, तीही गेली. मी पास झाले ती केवळ थंडीनं दातखीळ बसल्यामुळे. तोंडातून शब्दच फुटेना. काकांना वाटलं, पोरगी शांत आहे. पुढे किती पस्तावले ते त्यांचं त्यांना माहीत.

पण खरं सांगते, ती सकाळ मी विसरलेली नाही. कुरणावर धुकं होतं. त्यात आधी नुसती चार मुंडकी दिसली, धड नाहीच. मग धुकं खाली बसत गेलं तसतशा माना आल्या, खांदे आले, शेवटी पाय. काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जावई आले. ते मान खाली घालणार नाहीत, आपणच वर बघायचं." पलीकडे झेब्रे एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून उभे होते, नाकातून वाफ निघत होती. वरून कॅनडा गूज पक्ष्यांची रांग कलकलाट करत गेली तरी एकानंही मान वर केली नाही. मी कधी एवढी गप्प बसले नव्हते. गाडीत गाईड फ्रेंचमधून काहीतरी सांगत होता, ते मला कळत नव्हतं आणि कळावंसंही वाटलं नाही.

"ह्यातलं एकही आफ्रिकेत जन्मलेलं नाही," परतताना काका म्हणाले. "त्या झेब्र्याला विचार, व्हेअर आर यू फ्रॉम, तो सांगेल क्युबेक. आमच्या चिरंजीवांसारखा. आणि हिवाळ्यात हीटर लावलेल्या शेडमध्ये ठेवतात त्यांना. म्हणजे ह्यांचंही बेसमेंटच, नागपूर!"

नागपूर म्हणजे मी. भाडेकरूला नाव नसायचं, गाव असायचं. माझ्या आधी लातूर होतं, त्याच्या आधी कोल्हापूर. "नागपूर, आज रिसायकलिंगचा निळा डबा बाहेर ठेवायचा!" अशी जिन्यावरून हाळी यायची आणि मला उगाचच सबंध शहराची अब्रू सांभाळायची आहे असं वाटायचं.

माणूस विक्षिप्त, ह्यात वादच नाही. घरातला हीटर वाढवायची कोणाची टाप नव्हती. "जाकीट अंगाला घाल, घराला घालू नकोस." बर्फ पडलं की हे पहाटे फावडं घेऊन बाहेर. आपला ड्राइव्हवे शोव्हल करून झाला की शेजाऱ्याचाही करायचे, पण बरोब्बर अर्धा. मी विचारलं, पूर्ण का नाही करत? तर म्हणे, "अर्धी मदत माझी, अर्धा व्यायाम त्याचा." त्या फ्रेंच शेजाऱ्याला ते कळलं की नाही कोण जाणे, पण तो रोज सकाळी "बोंजूर" म्हणून हात करायचा आणि काका "बोंजूर, बोंजूर. कंबर बरी आहे ना?" असं शुद्ध मराठीत विचारायचे. तोही "वी, वी", म्हणजे हो हो, म्हणायचा. दोघांचं छान चाललं होतं.

चिरंजीव टोरोंटोला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं एकदा आईवडिलांना केनियाची ट्रिप देऊ केली होती, खऱ्या सफारीची. काकांनी साफ नकार दिला. "जनावराच्या घरी न बोलावता कशाला जायचं? इथे तीही आपल्यासारखीच आलेली आहेत. परगावातल्या माणसाला परगावात भेटावं." काकू मला नंतर हळूच म्हणाल्या, "मला जायचं होतं गं." पण त्या त्यांना तसं म्हणाल्या नाहीत. म्हणजे म्हणाल्या असतील, पण वेगळ्या भाषेत.

ती भाषा मला चांगली येत होती, कारण माझ्या पलंगाच्या वर छतात हीटिंगचा व्हेंट होता आणि वरच्या स्वयंपाकघरातला आवाज त्यातून सरळ खाली यायचा. काकू दिवसभर एकच शब्द बोलायच्या. अहो. फोन वाजला की एक अहो, तोडका. दूध उतू जातंय, तेव्हा दोनदा, घाईघाईचा. पाहुण्यांसमोर काका भलतंच बोलायला लागले की तिसरा, दातांतला. शनिवारी काका निघताना चौथा, त्यात मफलर घ्या, हळू चालवा आणि माझ्यासाठी थांबा, असं सगळंच असायचं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. काका प्रत्येक अहोला "आलो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. मी खाली पडल्या पडल्या हसायचे.

मग एका फेब्रुवारीत काकूंना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून व्हीलचेअरवर घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. हो.

चहा हवा? हो. दुखतंय का? हो. बरं वाटतंय? तेही हो. थेरपिस्टबाईंना आम्हीच सांगितलं की हो म्हणजे येस. त्यांनी तसं धरलं, पण म्हणाल्या, ह्या येसवर फार विसंबू नका. आम्ही कुठले ऐकतोय! माणूस हो म्हणतं आहे ह्याचाच केवढा आनंद! साखरेचा चहा दिला, बिनसाखरेचा दिला, खिडकी उघडली, खिडकी लावली, सगळं त्यांच्या होवर.

फक्त काका मानायला तयार नव्हते. "ती हो म्हणत नाही," ते म्हणायचे, "अहो म्हणते. अ बारीक येतो, तुम्हाला ऐकू येत नाही." मी कान देऊन ऐकायचे. मला हो ऐकू यायचं. देवाशप्पथ सांगते, हो आणि फक्त हो. व्हेंटमधून ऐकलं तरी हो. मला काकांची दया यायची. आता मात्र काकूंनी हो म्हटलं की ते हातातलं टाकून धावत यायचे, आलो आलो करत, आणि त्यांच्यासमोर उभे राहून काय हवंय ते ओळखायचा प्रयत्न करायचे. कधी जमायचं, बहुतेकदा नाही. पण पार्क उघडल्यावर शनिवार त्यांनी सोडला नाही. पार्कच्या गाडीला रॅम्प होता. काकूंची खुर्ची त्यावरून चढवायची, पट्टे लावायचे, गुडघ्यांवर ब्लँकेट. मदतीला मी जायला लागले.

चिरंजीव दर दोन आठवड्यांनी टोरोंटोहून यायचा. त्याला कोणी वाईट म्हणू नये. तो रात्रभर गाडी चालवून यायचा आणि आईचे पाय दाबत बसायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सप्टेंबरात काकूंना उचलताना काका स्वतःच पडले, कपाळावर टाके पडले. ऑक्टोबरात तो आला तो ठरवूनच.

"बाबा, प्लीज ऐका. नर्सिंग होम माझ्या घरापासून टेन मिनिट्सवर आहे. वरण-भात मिळतो. मराठी बोलणारी एक नर्ससुद्धा आहे. मंडेपर्यंत आन्सर द्यायचंय, नाहीतर जागा जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही आमच्या कॉन्डोत. रोज तुम्हाला तिच्याकडे ड्रॉप करीन."

"म्हणजे मी व्हिजिटर," काका म्हणाले.

"मी आईला विचारलंय. तिच्यासमोर बसून, नीट." तो आईकडे वळला. "आई, टोरोंटोला येतेस ना? माझ्याजवळ?"

"हो," काकू म्हणाल्या.

"बघा. शी वॉन्ट्स टु कम."

"अरे ती मला हाक मारतेय!"

"बाबा, इट्स द सेम वर्ड."

"हो आणि अहो सेम?" काका एवढे ओरडले की माझ्या हातातल्या कपातला चहा सांडला. मग ते काकूंसमोर खुर्ची ओढून बसले. "आता हिला काहीही विचारतो, बघ. काय गं, मी गाढव आहे का?"

"हो," काकू म्हणाल्या.

"ते तर तिला म्हणायचंच असेल," चिरंजीव म्हणाला आणि हसायला लागला. काकाही हसले. मीही. हसता हसता काका उठून वॉशरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. चिरंजीवानं त्या नर्सिंग होमला फोन करून निरोप ठेवला की आई हो म्हणाली आहे, मंडेला फॉर्म पाठवतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सीझन संपत आलेला. चिरंजीव म्हणाला, मीही येतो. कदाचित बाबांची ही शेवटचीच फेरी, असं त्याच्या मनात असावं. काका एक शब्द बोलले नाहीत. काच खरवडतानासुद्धा नाही.

त्या दिवशी गाईड नवीन होती. नेहमीचा माणूस रजेवर. ही मुलगी क्युबेकच्या वरच्या कुठल्याशा गावची, नाकात नथ म्हणावी एवढी मोठी रिंग. आम्हाला कोणालाच ओळखत नव्हती. तिनं आधी काकूंच्या ब्लँकेटचं टोक चाकातून सोडवलं, मग आम्हा सगळ्यांना बोंजूर केलं. गाडी निघाली. मेपल लालभडक झाले होते आणि त्या लाल पानांच्या सड्यातून झेब्रे चालत होते. शहामृगाची मादी गाडीच्या बरोबरीनं थोडी धावली आणि कंटाळून थांबली. गेंडा चिखलात मागचे पाय ठेवून आणि पुढचे बाहेर ठेवून उभा होता, कुठे जावं ते ठरत नसल्यासारखा. गाईड हळू आवाजात फ्रेंचमध्ये सांगत होती, थोडं इंग्रजीत. मध्येच काकू हो म्हणायच्या आणि काका वाकून त्यांच्याकडे बघायचे. ब्लँकेट नीट करायचे. परत हो. परत वाकायचे. चिरंजीव तोंड फिरवून बाहेर बघत राहिला.

सिंहांच्या आवाराशी एक उंच मचाण आहे. जाळीमागे सुरक्षित, पण पायऱ्या असल्यानं खुर्ची वर जात नाही. चिरंजीव म्हणाला, "बाबा, दोन मिनिट वर या. बोलायचंय." काका नको नको म्हणत होते. मी म्हटलं, मी बसते काकूंजवळ, तुम्ही जा. ते गेले. बाकीची मंडळीही गेली. गाडीत काकू, मी आणि स्टिअरिंगवर बसलेली ती गाईड, एवढ्याच राहिलो.

वर वारा होता. बापलेक कठड्याशी उभे राहून बोलत होते. चिरंजीव हात हलवून काही समजावत होता आणि काका समोर बघत होते. खाली सिंहीण उठली, तिनं आळस दिला, मग पलीकडच्या टेकाडामागून सिंह ओरडला. टीव्हीत ऐकतो तशी डरकाळी नव्हे ती. खोल खोकल्यासारखं काहीतरी, पुन्हा पुन्हा, गाडीच्या पत्र्याला जाणवेल असं.

"हो," काकू म्हणाल्या.

"काय हवंय काकू? पाणी?"

"हो."

मी बाटली पुढे केली. त्यांनी डाव्या हातानं ती बाजूला सारली. "हो," पुन्हा म्हणाल्या. मला वाटलं, सिंहाला घाबरल्या. मी ब्लँकेट वर ओढलं. त्यांनी तेही सारलं.

तेवढ्यात ती गाईड पुढच्या सीटवरून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मचाणाकडे बघून ओरडली, "मस्यू आओ! मस्यू आओ! मादाम वू-झापेल!"

क्षणभर मला वाटलं ही हिंदीत बोलावतेय, आओ म्हणून. मग कळलं. मस्यू आओ. मिस्टर अहो. बाईसाहेब तुम्हाला हाक मारताहेत.

फ्रेंच माणसाच्या तोंडी ह नसतो. हॉस्पिटलला ते ओपिताल म्हणतात. त्या मुलीनं ह गाळला होता आणि अ ठेवला होता. आम्ही आठ महिने अ गाळून ह ऐकत बसलो होतो, कारण आम्हाला हो ह्या शब्दाचा अर्थ माहीत होता. तिला काहीच माहीत नव्हतं. एक बाई एका माणसाकडे बघून सारखं काहीतरी म्हणतेय, म्हणजे ते त्या माणसाचं नाव असणार, एवढाच तिनं हिशेब केला.

"आलो, आलो," काका धडपडत पायऱ्या उतरले. टोपी वरच राहिली. "काय झालं? काय गं?" ते खुर्चीसमोर वाकले. काकूंनी डावा हात उचलला आणि त्यांच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण धरलं. ते उघडंच होतं. एका हातानं लागेना. सुटायचं, परत धरायच्या. काका हनुवटी वर करून तसेच वाकून राहिले. मी मदतीला हात पुढे केला नाही, हे बरं केलं. शेवटी बटण लागलं.

चिरंजीव खाली येऊन गाडीच्या दाराशी उभा होता. त्यानं गाईडला इंग्रजीत विचारलं, "तुला हे नाव कोणी सांगितलं? ह्यांनी सांगितलं?"

"नो," ती गोंधळली. "मादाम. गेटपासून त्या तसंच म्हणताहेत. का, ते त्यांचं नाव नाही?"

चिरंजीव आत आला, आईच्या पायांशी उकिडवा बसला आणि ह्या खेपेला निव्वळ मराठीत म्हणाला, "आई, माझ्याबरोबर टोरोंटोला यायचंय?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून काकांकडे बघितलं. "अहो," म्हणाल्या.

"आई, टोरोंटोला नाही यायचं? इथेच राहायचंय?"

पुन्हा तसंच त्याच्याकडे बघितलं, पुन्हा मान वळली. "अहो."

आता मला तो अ ऐकू आला. पुसट, श्वास आत घ्यावा तसा, पण होता. आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. चहा हवा का, दुखतंय का, खिडकी लावू का, जो जो प्रश्न आम्ही विचारला त्या प्रत्येकाला त्या बाईनं उत्तर दिलंच नव्हतं. ती उत्तर देणाऱ्या माणसाला हाक मारत होती. माझ्याकडे शब्द नाहीत, तुम्ही सांगा ना ह्यांना, असं म्हणत होती. आणि आम्ही तिला साखर घालत होतो.

काका रडायला लागले. आडोसा नाही, रुमाल नाही, सरळ सगळ्यांदेखत. "मला विचारतेय रे ती," एवढंच मुलाला म्हणाले. मचाणावरची मंडळी परत येऊन गाडीत बसली आणि आमच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागली. गाईडनं गाडी सुरू केली नाही. थांबून राहिली.

"मग तुम्ही सांगा, बाबा," चिरंजीव म्हणाला.

काकांनी काकूंकडे बघितलं. लग्न ठरवताना बघावं तसं, विचारल्यासारखं. काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. "आम्ही घरी राहतो," काका म्हणाले. "उचलायला माणूस ठेवू. तू म्हणशील तो ठेवू. पण घरी."

परतताना गाडी चिरंजीवानंच चालवली. मागच्या सीटवर काका आणि काकू, पुढे मी. हायवेला लागल्यावर त्यानं गाडीच्या स्पीकरवरून फोन लावला. शनिवार होता, कोणी उचलला नाही, निरोप ठेवा असं मशीन म्हणालं. त्यानं आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, मंडेचा फॉर्म येणार नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता ठेवेल.

"काल मी चुकीचा निरोप ठेवला होता," तो इंग्रजीत म्हणाला. "माय मदर नेव्हर सेड येस."